झाडावरची नोटीस, सात दिवस आणि एक फाइल

जानेवारी 2025च्या शेवटी आमच्या शहरातल्या एका जुन्या रस्त्यावरच्या 61 झाडांवर महापालिकेच्या नोटिसा लागल्या. रस्तारुंदीकरणासाठी 43 झाडं तोडायची आणि 18 दुसरीकडे हलवायची, असा प्रस्ताव होता. कॉलेजच्या पर्यावरण मंडळातल्या मुलामुलींनी त्यावर हरकती घेतल्या, रहिवाशांना घ्यायला लावल्या, सुनावणीला उभे राहिले, आणि आता बदली झाडांची, म्हणजे तोडलेल्यांच्या बदल्यात लावलेल्या झाडांची, मोजणी चालू आहे. या वाटेवर कुठे काय लागतं, कुठे अडतं आणि खिशाला किती पडतं, ते क्रमाने लिहून ठेवतो आहोत. शहर पश्चिम महाराष्ट्रातलं आहे, एवढं पुरे. कायदा राज्यातल्या सगळ्या शहरांना एकच: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975, आणि त्यातली 2021ची दुरुस्ती. दोन्ही एकदा मराठीतून वाचून काढा. तासाभराचं काम आहे, आणि पुढे प्रत्येक टेबलावर उपयोगी पडतं.

हरकतीला मुदत मिळते सात दिवसांची. तेवढ्यात झाडं मोजणं, ओळखणं, माणसं जमवणं आणि अर्ज लिहिणं जमत नाही. आमच्याकडे त्या रस्त्याची यादी आधीच्या उन्हाळ्यातच तयार होती, म्हणून निभावलं. ती काही फार उदात्त हेतूने झालेली नव्हती. कॉलेजात पर्यावरण विषयाचा प्रकल्प द्यावाच लागतो आणि तो दरवर्षी नेटवरून उतरवला जातो. त्याऐवजी दोघादोघांच्या जोडीला रस्त्याचा एकेक तुकडा वाटून दिला. एनएसएसच्या मुलांना वर्षाला 120 तास भरायचे असतात, तेही यात बसले. प्राचार्यांकडे परवानगीचं पत्र 'वृक्षगणना' या नावाने द्या. पत्रात 'आंदोलन' शब्द आला की ते टेबलावरच मुक्काम करतं.

मोजणीला लागतं काय? पाच मीटरची फायबरची टेप, 1.37 मीटर उंचीची एक सरळ काठी, खडू आणि फोन. शिंप्याची टेप दीड मीटरची असते, ती जुन्या रेनट्रीला पूर्ण वेढा घालत नाही. काठी बुंध्याला टेकवून जिथे तिचं टोक येतं तिथे घेर मोजायचा. उतारावरच्या झाडाला काठी चढाच्या बाजूने लावायची. बुंधा त्या उंचीच्या खालीच दुभंगला असेल तर दोन्ही फांद्यांचे घेर वेगळे लिहायचे, त्यांची बेरीज करायची नाही. वडाच्या पारंब्या बुंध्याला चिकटल्या असतील तर टेप त्यांच्या आतून जाते का बघायचं; जात नसेल तर तसा शेरा मारायचा. घेराला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. प्रत्येक झाडाचे तीन फोटो काढा: पूर्ण झाड, बुंध्यावरची टेप आकडा दिसेल अशी, आणि मुळाशी काँक्रीट आहे की माती. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवूनच काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की त्यातली लोकेशनची माहिती गळून जाते, म्हणून मूळ फोटो ड्राइव्हवर चढवा.

ओळखण्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो गुलमोहर, सोनमोहर आणि नीलमोहर यांच्यात. फुलं नसली की तिघांचीही पानं लांबून सारखीच दिसतात. शेंग बघा. गुलमोहराची लांब, चपटी, तलवारीसारखी; सोनमोहराची छोटी, तांबूस-तपकिरी, झुबक्यात; नीलमोहराची गोल चपटी डबी. आपटा आणि कांचन यांचीही अशीच गल्लत होते. महापालिकेच्या यादीतही या चुका असतात, आणि त्या दाखवून देणं हा हरकतीतला सगळ्यात सोपा आणि बिनतोड मुद्दा असतो. ज्या झाडाचं नावच चुकलंय, त्याचं वय कसं काढलं, असं विचारता येतं. कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. शहराची गणना ऑनलाइन असेल तर तीही उतरवून घ्या आणि तीन याद्या शेजारी शेजारी ठेवा: गणनेची, नोटिशीची, तुमची.

नोटीस शुक्रवारी 24 जानेवारीला एका स्थानिक दैनिकात आली. झाडांवर चिकटवलेले कागद शनिवारी सकाळी दिसले. हे नेहमीचंच आहे. मुदत वर्तमानपत्रात छापल्या तारखेपासून धरली जाते, झाडाखालून तुम्ही कधी गेलात त्यावरून नाही. मध्ये शनिवार आणि रविवारचा प्रजासत्ताक दिन, म्हणजे हातात कामाचे दिवस फक्त पाच, 27 ते 31. सुट्टीला लागून येणाऱ्या नोटिशींची सवय करून घ्या. महापालिका आपल्या नोटिसा ज्या दोन-तीन दैनिकांना देते त्यांचे ई-पेपर रोज कोणीतरी चाळायचे, अशी पाळी लावा. जाहिरातींच्या पानांवर 'वृक्ष प्राधिकरण' (झाडं तोडायच्या परवानग्या बघणारी महापालिकेची समिती) एवढे दोन शब्द शोधायचे. महापालिकेच्या संकेतस्थळावरही नोटीस टाकतात, पण कधी उद्यान विभागाखाली, कधी नुसत्या 'जाहीर सूचना'खाली.

नोटीस हातात आल्यावर आधी भावना बाजूला ठेवून पाच गोष्टी तपासा: अर्जदार कोण, कारण काय, एकूण झाडं किती, त्यांतली किती तोडायची आणि किती हलवायची, आणि प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, घेर, वय दिलंय का. एकूण आकड्याकडे नीट बघायचं कारण असं की पाच वर्षांवरची 200 किंवा त्याहून जास्त झाडं असली तर 2021च्या दुरुस्तीप्रमाणे प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जायचा; आज ही तरतूद लागू आहे का, ते आधी तपासा. एकाच प्रकल्पाचे दीडशे-पावणेदोनशेचे दोन प्रस्ताव काही महिन्यांच्या अंतराने आले तर दोन्ही नोटिसा एकत्र जोडून तोच मुद्दा मांडता येतो. आमच्याकडे 61च होती, त्यामुळे हा रस्ता बंद होता.

शनिवारी यादी घेऊन रस्ता पायाखाली घातला. झाडांवर रंगाने घातलेले क्रमांक आणि नोटिशीतले क्रमांक जुळवले. एक क्रमांक दोन झाडांवर होता, एका झाडाला क्रमांकच नव्हता. यादीत सहा झाडांपुढे 'मृत/वाळलेले' असा शेरा होता. त्यांत दोन पांगारे आणि एक काटेसावर. जानेवारी-फेब्रुवारीत ही झाडं निष्पर्णच असतात, सावरीला तर तेव्हा कळ्या धरतात. ती मेलेली नाहीत हे दाखवायला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काडीची साल नखाने किंचित खरवडायची. खाली ओलसर हिरवं दिसलं की झाड जिवंत. काडी पटकन मोडली आणि आत तपकिरी भुसा निघाला तर ती काडी मेलेली, मग वरची दुसरी तपासायची. बुंध्यावर चाकू चालवू नका, तिथे जखम राहते. हिरव्या सालीचा फोटो काढताना झाडावरचा क्रमांक त्याच चौकटीत यायला हवा, नाहीतर 'हे कुठल्या झाडाचं' असा प्रश्न येतो आणि उत्तर राहत नाही.

वयाचा मुद्दा आमच्याकडे सगळ्यात मोठा ठरला. 2021च्या दुरुस्तीप्रमाणे तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओटॅगिंग (जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवणं) करून सात वर्षं निगा राखायची. पन्नास किंवा जास्त वर्षांच्या झाडाला 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा. म्हणजे कागदावर वय कमी लिहिलं की नव्या झाडांची जबाबदारी तेवढी कमी होते आणि वारसा दर्जाही टळतो. अडीच मीटरच्या आसपास घेर असलेल्या रेनट्रींपुढे सरसकट '15 वर्षे' लिहिलेलं होतं. घेरावरून वय हा शेवटी अंदाजच असतो, कारण पाणी मिळालेला रेनट्री झपाट्याने फुगतो आणि त्याच घेराचं चिंचेचं झाड कितीतरी म्हातारं असतं. त्यामुळे नुसत्या घेरावर भांडू नका. गुगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं तारखेनुसार मागे नेऊन बघता येतात. त्या रस्त्यावर 2000च्या दशकातल्या चित्रात आजच्याच जागी भरगच्च छत्र्या दिसत होत्या. तारखेसकट त्यांचे स्क्रीनशॉट काढले. रस्त्यावरच्या एका जुन्या वाड्यातल्या आजींनी अल्बममधला लग्नाच्या वरातीचा फोटो दिला. मागे वाड्याचं फाटक आणि त्याच्या उजव्या हाताला आजही तिथेच उभा असलेला, नोटिशीतला वड, फोटोमागे शाईने 1971. असा पुरावा रंगीत झेरॉक्स करून, आजींची सही घेऊन जोडायचा. मूळ फोटो कोणत्याही कार्यालयात द्यायचा नाही.

पुनर्रोपणाबद्दल लोकांचा समज फार गोड आहे, 'तोडत नाहीत, हलवताहेत, मग काय?' त्यासाठी एक हिशोब छापून वाटला. झाड जगवायचं तर बुंध्याच्या व्यासाच्या साधारण दहापट रुंदीचा मुळांचा गड्डा मातीसकट उचलावा लागतो. बुंधा 40 सेंटिमीटरचा असेल तर गड्डा चार मीटरचा. तो मीटरभर खोल धरला तरी माती बारा-तेरा घनमीटर, वजन वीस टनांच्या घरात. एवढी क्रेन त्या गल्लीत वळत नाही, वर वीज आणि केबलच्या तारा. मग होतं असं की मुळं दीड मीटरवर कापतात, फांद्या छाटून नुसता खांब करतात आणि तो खड्ड्यात उभा करतात. बुंध्यातल्या साठ्यावर त्याला पालवी फुटते, फोटो निघतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळतं. म्हणून हरकतीत 'पुनर्रोपणाला विरोध' असं मोघम लिहू नका. प्रत्येक झाडामागे गड्डा किती मीटरचा घेणार, मुळांची छाटणी किती आठवडे आधी टप्प्याटप्प्याने करणार, नवी जागा कुठली आणि दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे विचारा. आमच्या प्रस्तावात यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर नव्हतं.

आता रस्त्यावरचं काम. 26 जानेवारीच्या आसपास पोलिसांचा जमावबंदीचा आदेश बहुतेक शहरांत असतोच, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37खाली. पाच किंवा जास्त माणसं जमली की अडचण. म्हणून चौघाचौघांचे गट, घोषणा नाहीत, माइक नाही, आणि पोलीस ठाण्यात 'नागरिकांना नोटिशीची माहिती देत आहोत' असं एक पत्र देऊन त्याची पोच. भिंतीवर किंवा विजेच्या डीपीवर पोस्टर चिकटवू नका, मालमत्ता विद्रूपणाचा 1995चा कायदा आहे आणि तो नेमका अशा वेळी आठवला जातो. झाडाला खिळा किंवा तार तर नाहीच. सुतळीला कागदी चिठ्ठी: झाडाचा क्रमांक, नाव, घेर, 'हरकतीची शेवटची तारीख 31 जानेवारी'. मुदत संपल्यावर सुतळ्या सोडवून आणायच्या.

लोक थांबले ते मात्र थर्मामीटरमुळे. लांबून तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर हजार-बाराशेला मिळतो. जानेवारीच्या दुपारीसुद्धा उन्हातल्या डांबराचा आणि सावलीतल्या डांबराचा आकडा इतका वेगळा येतो की रिक्षावाले काका स्वतःच यंत्र हातात घेऊन सीटवर, टपावर, रस्त्यावर धरून बघत होते. इथे एक सांभाळा. हे यंत्र पृष्ठभागाचं तापमान मोजतं, हवेचं मोजत नाही. 'झाडाखाली वीस अंशांनी थंड' असं कोणी लिहिलं की अधिकारी तिथेच पकडतात, आणि ते बरोबरच असतं. सावलीतल्या आणि उन्हातल्या हवेत फरक सहसा दोन-तीन अंशांचाच. अंगाला जो सुखद फरक जाणवतो तो मुख्यतः ऊन आणि तापलेल्या रस्त्याची धग अंगावर न आल्यामुळे. मोजताना दोन्ही जागी डांबरच धरा. चकचकीत पत्र्यावर धरलं तर आकडा खोटा येतो. वेळ, जागा आणि आकडा वहीत. आमच्या उन्हाळ्यातल्या वहीत मेमधल्या दुपारच्या नोंदी होत्या, त्या हरकतीला जोडल्या.

एका झाडाच्या ऑक्सिजनची किंमत लाखांत सांगणारे संदेश फिरत असतात, ते आम्ही पत्रकात घेतले नाहीत. कोणत्या झाडाचा, किती पानांचा, कुठला हिशोब, कोणालाच सांगता येत नाही. आपल्याच शहराने किंवा राज्याने छापलेलं वाक्य जास्त कामाचं. मुंबईने मार्च 2022मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. तुमच्या महापालिकेने असा आराखडा, पर्यावरण सद्यस्थिती अहवाल किंवा 'माझी वसुंधरा' अभियानातली बक्षिसाची जाहिरात छापली असेल, तर त्यातलं हिरवाईबद्दलचं वाक्य पानक्रमांकासह उतरवा आणि प्रस्ताव त्याच्याशी कसा जुळतो, एवढंच विचारा.

हरकतीचा अर्ज एका पानाचा पुरतो. वृक्ष अधिकाऱ्यांना उद्देशून, विषयात नोटिशीची तारीख आणि दैनिकाचं नाव, खाली झाडांचे क्रमांक आणि प्रत्येकापुढे एक-दोन ओळींचा मुद्दा, मग मागणी: झाडनिहाय स्थळपाहणी, रस्त्याच्या आखणीचा पर्यायी नकाशा, आणि 'आदेशापूर्वी मला समक्ष सुनावणी द्यावी'. ही शेवटची ओळ विसरू नका, तिच्यावर पुढचं सगळं टेकलेलं असतं. खाली नाव, पत्ता, फोन, सही. अठराच्या आतल्या मुलांनी पालकांचीही सही घेतली. एकच मजकूर छापून दोनशे सह्या घेतल्या की टिपणीत 'एकाच आशयाच्या हरकती' अशी एक ओळ पडते आणि विषय संपतो. त्यापेक्षा साठ माणसांनी एकेक झाड वाटून घ्यावं. ज्याच्या दुकानासमोर झाड आहे त्याने सावलीबद्दल लिहावं, ज्या काकूंच्या खिडकीसमोर आहे त्यांनी घरट्यांबद्दल. घरटं खरंच असेल तर फोटो जोडा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972मध्ये पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येत येतं. बगळे-ढोकरी यांची पावसाळ्यातली वसाहत रेनट्रीवर असेल तर त्या महिन्यांत तोड-छाटणी करू नये, असं नेमकं मागा.

अर्ज द्यायला आवक-जावक विभागात जायचं. दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. आमच्या गठ्ठ्याला 'ठेवून जा, पोच संध्याकाळी घ्या' असं उत्तर मिळालं. असं ठेवून येऊ नका. 'काका, क्रमांक टाकून द्या, आम्ही थांबतो' एवढं शांतपणे म्हणून तिथेच बसायचं. त्यांच्याही टेबलावर दिवसाचं दोनशे कागदांचं काम असतं, त्यामुळे पुढल्या गठ्ठ्याच्या वेळी मुलांनी अर्ज आधीच क्रमाने लावून, यादी करून नेले, तेव्हा काम निम्म्या वेळात झालं. सगळे अर्ज स्कॅन करून त्याच दिवशी उद्यान विभागाच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. 31 तारखेला दुपारनंतर 'सर्व्हर बंद आहे' हे ऐकायला मिळालंच.

माहिती अधिकाराचा अर्ज या सात दिवसांत उपयोगी पडत नाही, उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. पण महापालिकांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू देण्याची शासनाची तरतूद आहे. सोमवारी, 27 जानेवारीला, मूळ फाइल मागितली: अर्जदार विभागाचं पत्र, रस्त्याचा नकाशा, उद्यान विभागाची पाहणीची टिपणी. आधी तिथल्या कोणालाच अशी काही तरतूद आठवेना. शासन निर्णयाची छापील प्रत सोबत होती, ती दाखवल्यावर फाइल आली. नकाशात दिसलं की 61पैकी बरीचशी झाडं गाडीरस्त्यात येतच नव्हती, पदपथाच्या आखणीत येत होती. हा मुद्दा नोटिशीवरून कधीच कळला नसता.

त्यानंतर लांबलचक शांतता. मुलांचा धीर सुटतो तो या टप्प्यावर, कारण परीक्षा जवळ येतात आणि करण्यासारखं काही नसतं. सुनावणीचं पत्र फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आलं, आदल्या दिवशी, आणि सगळ्यांना नाही. ज्यांना आलं त्यांनी बाकीच्यांना कळवलं. ज्यांना आलं नाही त्यांनी आपल्या हरकतीची पोच बरोबर घेतली, दारातून कोणी परत पाठवलं नाही.

सुनावणी कार्यालयातल्या लांब टेबलाभोवती होते. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. मुद्दे आधी वाटून घ्या: एक जण क्रमांकांचा घोळ, एक 'मृत' झाडं, एक वय, एक पुनर्रोपण, एक पदपथाची आखणी. बोलताना झाडाचा क्रमांक आधी. मोठा नकाशा एकच छापा आणि टेबलावर पसरा, आमचा ए-0 आकाराचा दोनशे रुपयांत झाला. नकाशा पसरला की खुर्चीतले सगळे पुढे वाकतात आणि संभाषण आपोआप झाडनिहाय होतं. 'तुम्हाला विकास नको का?' हा प्रश्न येणारच. त्याला भाषणाने उत्तर दिलं की वेळ संपते. 'रस्ता हवा आहे, क्रमांक 12 ते 30 पदपथात ठेवून तो होतो, हा नकाशा' एवढं पुरे. शेवटी लेखी निवेदन देऊन त्याची पोच घ्या आणि इतिवृत्ताची प्रत मागा.

स्थळपाहणी झाली, सालीचा प्रकार अधिकाऱ्यांनी स्वतः करून बघितला. आदेश मार्चअखेर आला. पदपथातली 19 झाडं वाचली. तीन 'मृत' झाडांचा शेरा काढला, पण ती गाडीरस्त्यात असल्यामुळे तोडायच्या यादीत राहिली. वड वारसा वृक्ष म्हणून नोंदला गेला आणि जागेवर राहिला. बाकीच्यांना परवानगी मिळाली, वयं मात्र वाढवून लिहिली, म्हणजे बदली झाडांचा आकडा वाढला. मंडळात यावरून बरीच भांडणं झाली. काहींना हा पराभव वाटला, काहींना नाही.

आदेशानंतरचे दिवस झोपेत घालवू नका. परवानगी मिळाल्यावर पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नसतो, आणि कोर्टात जायचं तर तीच मोकळी खिडकी. मुंबईतल्या आरे कॉलनीतली, मेट्रोच्या कारशेडसाठीची तोड आठवा: मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2019ला, शुक्रवारी, याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने सोमवारी 7 तारखेला ती थांबवली, तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती. म्हणून वकील आदेशाआधी शोधून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत सल्ला मिळतो. पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ आहे आणि नुकसानभरपाईची मागणी नसलेल्या अर्जाला शुल्क हजार रुपये, हे ऐकून मुलं तिकडेच धावतात. पण लवादाच्या कायद्याच्या अनुसूचीत राज्याचा झाडांचा कायदा नाही, त्यामुळे अर्ज कोणत्या मुद्द्यावर टिकेल हे वकिलानेच ठरवायचं. आम्ही गेलो नाही.

एप्रिलमध्ये तोड झाली तेव्हा चार जण यादी घेऊन हजर होते. परवानगीची प्रत हातात असली की ठेकेदाराच्या माणसांशी हुज्जत घालावी लागत नाही, क्रमांक वाचायचा आणि टिक करायची. यादीबाहेरच्या एका करंजाला दोरी बांधली होती, ती क्रमांक दाखवल्यावर सोडली. कामगारांचे चेहरे किंवा ठेकेदाराचा फोन नंबर इन्स्टावर टाकू नका. त्याने झाड वाचत नाही आणि पोरं पोलीस ठाण्यात बसतात.

खर्च सांगायचा तर टेप, थर्मामीटर, झेरॉक्स, रंगीत प्रिंट, नकाशा, सुतळी असं सगळं धरून तीन हजारांच्या आत. वर्गणीत भागलं.

जुलैनंतर माहिती अधिकाराचा अर्ज केला. ऑनलाइन पोर्टलवर किंवा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र 'अ'मध्ये. राज्याच्या नियमाप्रमाणे विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांत. मागितलं एवढंच: आदेशातल्या बदली झाडांची यादी, जात, उंची, लागवडीची तारीख, अक्षांश-रेखांश, निगेचं काम कोणाकडे आणि त्याची देयकं. मुदत उलटून गेली. प्रथम अपिलाला वीस रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांच्या आत. अपिलानंतर यादी आली. अक्षांश-रेखांश फोनमध्ये घालून गेलो तर बऱ्याच खुणा एकाच बागेच्या फाटकावर पडत होत्या. फोटो काढणाऱ्याने तिथेच उभं राहून सगळे टॅग केले असावेत. अशा ठिकाणी 'झाडं नाहीत' अशी तक्रार करू नका, बागेत आत कुठेतरी असू शकतात. 'या क्रमांकांची प्रत्यक्ष जागा दाखवावी' असं लिहा आणि संयुक्त पाहणी मागा. ते पत्र दिलं आहे, उत्तराची वाट बघतो आहोत.

रोपांची मोजणी पावसाळ्यात करू नका. ऑगस्टमध्ये मेलेल्या रोपाभोवतीसुद्धा गवत हिरवं असतं आणि खड्ड्यातली काडी जिवंत वाटते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जा, पहिल्या वळवाच्या आधी, आणि तिथेही काडीची साल खरवडून बघा. तक्त्यात चार रकाने पुरतात: जिवंत, मेलेलं, खड्डा रिकामा, जागा सापडली नाही. शेवटचा रकाना वेगळा ठेवा, कारण निगेच्या देयकात आणि त्यात ताळमेळ घालायचा असतो.